भूगोल घेऊन पुढे काय?

बी. ए.ला कोणते विषय घेतलेस, असे कोणी विचारले की अर्थशास्त्राचा विद्यार्थी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. भूगोल घेतलेल्याची मात्र एका उत्तरावर सुटका होत नाही. ‘भूगोल? मग पुढे काय?’ हा दुसरा प्रश्न लगेच येतोच. विचारणारे बहुधा आपले हितचिंतक असतात. त्यांच्या मनातला भूगोल शाळेतला असतो. देश आणि राजधान्या, मुख्य पिके, नद्यांची लांबी, आणि परीक्षेच्या दिवशी नकाशाच्या आराखड्यात ठिकाणे भरताना उडालेली तारांबळ! एवढे पाठांतर करून पोट कसे भरणार, ही त्यांची शंका रास्तच म्हणावी लागेल.

या महाविद्यालयात तीन वर्षे आणि विद्यापीठात दोन वर्षे मी भूगोल शिकलो. नंतर दोन वर्षे त्या शिक्षणाच्या बळावर नोकरी केली आणि आता अतिथी प्राध्यापक म्हणून पुन्हा वर्गात उभा आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादा विद्यार्थी, कधी त्याचे वडील, हाच प्रश्न घेऊन विभागात येतात. दाराशी उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून ते येथे जरा विस्ताराने लिहितो आहे. ते सगळेच गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे घर मार्कंडेय नदीच्या काठच्या एका खेड्यात. शेती दीड एकर. खाली नदीच्या बाजूला भात आणि वरच्या तांबड्या माळावर रताळी. माझा दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दहावी होताच तो आयटीआयला टर्नरच्या वर्गात गेला आणि दोन वर्षांनी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. घरात दरमहा पगार येऊ लागला तो तेव्हापासून. मी बारावी झालो तेव्हा बाबांचे म्हणणे साधे होते. ‘शिक की, नको कोण म्हणतंय? पण दादासारखं हाताला काम मिळंल असं काय तरी शिक.’ दादा जेवता जेवता म्हणाला, ‘शिकू दे त्याला. माझा पगार आहे की.’ त्या एका वाक्यावर माझी पाच वर्षे निघाली. त्यामुळे भूगोल घेऊन पुढे काय, हा प्रश्न मला इतरांपेक्षा थोडा अधिक टोचत आला आहे. माझ्या शिक्षणाचा हिशेब दुसऱ्याच्या घामात मांडलेला होता.

मराठी, इतिहास आणि भूगोल हे माझे तीन विषय. खरे सांगायचे तर भूगोल घेण्यामागे काही थोर विचार नव्हता. प्रात्यक्षिकाचे गुण हमखास मिळतात असे ऐकले होते, इतकेच. पण पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या खोलीत सरांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. निळ्या रंगात पाणी, हिरव्यात झाडी, तांबड्यात वस्ती आणि सगळ्या कागदावर पसरलेल्या तपकिरी समोच्चरेषा. ‘आपापले गाव शोधा,’ सर म्हणाले. मला गाव सापडायला दहा मिनिटे लागली. शाळा, देऊळ, विहीर, नदीकडे उतरणारी पायवाट, सारे जागच्या जागी होते. ज्या चढावर लहानपणी सायकल ढकलत नेताना दम लागे, तेथे रेषा एकमेकींना चिकटून आल्या होत्या. आमच्या दमाचीसुद्धा कोणी नोंद करून ठेवली आहे, याचे त्या दिवशी फार नवल वाटले.

त्या कागदामागे किती माणसांचे कष्ट आहेत हे पुढे कळले. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हा देश मोजण्याचे काम सुरू झाले. लॅम्ब्टन १८२३ मध्ये काम चालू असतानाच वारला, तो आपल्या हिंगणघाटला. हिमालयातले पंधरावे शिखर सर्वांत उंच आहे हे १८५२ मध्ये आकडेमोडीने ठरवणारे राधानाथ सिकदार बंगाली होते. शिखराला नाव मात्र दुसऱ्याचे मिळाले. नकाशावरची उंची कोणीतरी चालत जाऊन, मोजून, रात्री दिव्याखाली गणिते सोडवून काढलेली असते. हे एकदा कळले की नकाशात नुसते रंग भरायचे असतात असे वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेटीसाठी खानापूर तालुक्यात कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम तेथे आहे. देवळाजवळच्या कुंडातून निघणारे हे पाणी पूर्वेला वळते, सुमारे तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच परिसरातले दुसरे ओढे पश्चिमेला उतरतात आणि गोव्याच्या म्हादईतून, म्हणजे मांडवीतून, पणजीजवळ अरबी समुद्राला मिळतात. सरांनी आम्हांला उंचवट्याच्या एका कडेवर उभे केले आणि विचारले, ‘येथे पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला जाणार?’ उत्तर देण्यासाठी प्रत्येकाला पायाखालचा उतार पाहावा लागला. या उतारावरूनच तीन राज्यांचा वाद झाला, त्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने पाण्याची वाटणी सांगितली. तरीही वाद मिटलेला नाही. वृत्तपत्रात वाचताना तो राजकारणाचा विषय वाटतो. कणकुंबीच्या कडेवर उभे राहिले की त्याच्या मुळाशी एक जलविभाजक आहे हे डोळ्यांना दिसते. कोणाची बाजू खरी हे भूगोल सांगत नाही. भांडण नेमके कशाबद्दल आहे एवढे मात्र तो दाखवतो आणि माझ्या मते तेही कमी नाही.

आपल्या जिल्ह्याइतकी उत्तम प्रयोगशाळा भूगोलाला क्वचितच मिळेल. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला अथणीकडे तो पाच-सहाशेच्या आसपास येतो. घाटाने अडवलेल्या ढगांची ही करामत. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एकीकडे जांभा दगड, काजू आणि भात, तर दुसरीकडे काळी जमीन, ज्वारी आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. गोकाकला घटप्रभा सुमारे बावन्न मीटर खाली कोसळते. त्या उडीचाच उपयोग करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कापडाची गिरणी उभी राहिली. आमच्या माळावर रताळीच का, या प्रश्नाचे उत्तर बाबा ‘आपल्याकडं पहिल्यापासून आहेत’ असे देत. पाण्याचा निचरा होणारी तांबडी भुसभुशीत जमीन, पावसाची बेताची सर आणि जवळच मोठी बाजारपेठ, हे उत्तर मला भूगोलाने दिले. बाबांचे उत्तरही चुकीचे नव्हते. मी फक्त त्याच्यापुढचा एक ‘का’ विचारायला शिकलो होतो.

या क्षेत्रभेटींतच आणखी एक गोष्ट पदरात पडली. आमच्या गटात माझ्याबरोबर एक कन्नड माध्यमातून आलेला मित्र होता. पश्चिमेच्या खेड्यांत प्रश्नावली मी भरून घेई. बैलहोंगलकडच्या खेड्यांत तो. संध्याकाळी दोघांचे कागद जुळवताना शब्दांची देवघेव चाले. ओढा म्हणजे हळ्ळ, तळे म्हणजे केरे, नदी म्हणजे होळे. मग लक्षात आले की आमच्या बेळगाव तालुक्यातल्या पुरत्या मराठी बोलणाऱ्या गावांची नावेही हीच भाषा बोलतात. बेकिनकेरे घ्या. कन्नडमध्ये बेक्कू म्हणजे मांजर आणि केरे म्हणजे तळे! गावात मांजरे किती हे आम्ही मोजले नाही, पण तळे कुठे असेल हे नावावरून शोधायला लागलो. ‘वाडी’ हे आपले अक्षर तसेच कन्नड खेड्यांच्या नावांत पाहुणे म्हणून जाऊन राहिले आहे. या मासिकाचे दोन विभाग जसे एका पुठ्ठ्यात नांदतात, तसेच काहीसे हे आहे. याचा व्यवहारातला फायदाही सांगतो. आपल्या भागात जमिनीचे उतारे, सरकारी नोंदी, कार्यालयातले कागद कन्नडमध्ये असतात आणि अर्ध्या गावांतली माणसे मराठीत बोलतात. ज्याला दोन्ही येते तो सर्वेक्षणाच्या कामात एकटा दोघांचे काम करतो. माझ्या पहिल्या नोकरीत मला निवडले ते संगणकापेक्षा या कारणासाठी, अशी माझी समजूत आहे.

विद्यापीठात विषयाचा चेहरा बदलतो. तेथे संख्याशास्त्र असते आणि त्यापासून पळता येत नाही. दूरसंवेदन असते. १९८८ च्या मार्च महिन्यात आपला आयआरएस–१ए हा उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासून आपल्या जमिनीची चित्रे आपलेच उपग्रह नियमितपणे पाठवू लागले. त्या चित्रांत प्रचलित पद्धतीने हिरवे पीक लाल दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जिल्हा पेटला आहे असे वाटावे! हळूहळू डोळा तयार होतो आणि कोणता लाल उसाचा, कोणता जंगलाचा, हे कळू लागते. मग भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस. तिच्यात नकाशावर नकाशा ठेवायचा. मातीचा, पावसाचा, रस्त्यांचा, लोकसंख्येचा. आणि चारही एकत्र पाहून प्रश्न विचारायचा. यासाठी महागडी आज्ञावली लागतेच असे नाही. क्यूजीआयएस फुकट मिळते, इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर चित्रे पाहता येतात आणि डेहराडूनच्या भारतीय दूरसंवेदन संस्थेचे दूरस्थ वर्गही आहेत. लागते ती बैठक. दोन-दोन तास एका ओढ्याची रेघ ओढत बसण्याची तयारी हवी.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला. कोल्हापूर-सांगली बुडाल्याचे सर्वांना आठवते. आपल्या जिल्ह्यातही कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय एकाच वेळी फुगल्या होत्या. आमचा भात आठ दिवस पाण्याखाली होता. घर वाचले. बाबा पायरीवर बसून पाण्याकडे पाहत होते, बोलत नव्हते. पाणी ओसरल्यावर मी प्रबंधासाठी तोच विषय घेतला. आमच्या गावात पाणी कुठपर्यंत आले आणि का?

प्रथम स्थलनिर्देशक नकाशा उघडला. पण त्यावर दोन समोच्चरेषांमधले अंतर वीस मीटरचे असते. आमच्या गावातला पूर दोन-अडीच मीटरचा. म्हणजे सगळा पूर, सगळे बुडालेले घरदार, दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावत होते! नकाशा तेथे काहीच बोलत नव्हता. मग विभागातली डम्पी लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन मी गावात आलो. घरोघर जाऊन विचारले, ‘पाणी कुठपर्यंत आले होते?’ कोणी भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली, कोणी चुलीचा कट्टा, कोणी कणगीचा बूड. म्हाताऱ्या माणसांनी त्याआधीच्या पुरांच्या खुणाही सांगितल्या. प्रत्येक खुणेची उंची मोजली आणि अर्ध्या मीटरच्या अंतराने रेषा काढल्या. नकाशा पुरा झाला तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. जुने गावठाण, देवळासह, पुराच्या रेषेच्या जेमतेम वर होते. पाण्यात गेली ती बहुतेक गेल्या वीस वर्षांतली घरे, भाताच्या शेतात भराव घालून बांधलेली. ज्यांनी गाव वसवले त्यांना अक्षर येत नसेल, पण उतार वाचता येत होता. मधल्या काळात तो वाचायचे आपण सोडून दिले आहे.

आता नोकरीचे. २०२० ची परीक्षा टाळेबंदीत लांबली आणि वर्ष संपता संपता मला एका खासगी कंपनीत कंत्राटावर काम मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली होती आणि पहिल्या काही राज्यांत कर्नाटक होते. गावठाणातल्या घरांना आजवर शेतीसारखा पक्का उतारा नव्हता. तो मिळावा म्हणून ड्रोनने गाव टिपायचे, घराघराची हद्द नकाशावर आणायची आणि मालमत्तेचे पत्रक द्यायचे, असा हा बेत. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपली हद्द चुन्याने आखून द्यायची असते. वरून काढलेल्या चित्रात त्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि आम्ही संगणकावर त्यांवरून कडा आखायच्या. पडताळणीसाठी कधी गावातही जावे लागे.

एका गावात दोन भावांच्या सामाईक अंगणात चुन्याची रेघच नव्हती. दोघेही आपापल्या दारात उभे. थोरला म्हणाला, ‘अंगण आईच्या वेळेपासून एकच आहे, रेघ कुठं मारू?’ धाकटा म्हणाला, ‘मारायलाच पाहिजे काय?’ आमच्याबरोबरच्या भूमापकाने वीस वर्षांच्या अनुभवाने तोडगा काढला. अंगण सामाईक म्हणून नोंदवता येईल असे समजावले आणि तशी नोंद झाली. मी त्या दिवशी संगणकावर एक कडा कमी आखली. विद्यापीठात शिकलेले कोणतेही सूत्र तेथे उपयोगी पडले नाही. पण रेघ ओढण्याआधी माणसांना विचारायचे असते, हे मी पुराच्या खुणा मोजताना शिकलो होतो.

कंपनीने पगार तीन-तीन महिने थकवला. कंत्राट संपले तेव्हा पुढचे काम कधी येईल हे कोणी सांगेना. हे लिहायचे कारण तक्रार नव्हे. या क्षेत्रात सध्या कामे पुष्कळ आहेत. पण त्यांतली कितीतरी अशीच हंगामी असतात, हे विषय घेणाऱ्याने जाणून घ्यावे. मी नेटची परीक्षा दिली, पात्र ठरलो आणि आता अतिथी प्राध्यापक आहे. यातही दर वर्षी नव्याने नेमणूक होते. कायम जागेची वाट पाहणे चालू आहे.

तर मग, पुढे काय? जेवढे मला ठाऊक आहे तेवढे सांगतो.

पहिली आणि सर्वांत रुळलेली वाट शिक्षकाची. बी. एड. करून माध्यमिक शाळेत समाजशास्त्राचा शिक्षक होता येते, एम. ए. नंतर नेट किंवा राज्याची पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात. दुसरी वाट स्पर्धा परीक्षांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा पर्यायी विषय घेता येतो. त्याच्या दोन पत्रिका, मिळून पाचशे गुणांच्या. शिवाय सामान्य अध्ययनात भूगोल असतोच. पण या वाटेवर गर्दी फार, म्हणून हातात दुसरे काहीतरी ठेवूनच तिकडे जावे. तिसरी वाट नकाशाची. सर्वेक्षण विभाग, राज्याचे भूमापन खाते, कोलकात्याची राष्ट्रीय मानचित्र संस्था, हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आणि असंख्य खासगी कंपन्या. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशे व भौगोलिक माहिती तयार करण्यावरचे पुष्कळसे निर्बंध उठवले आणि २०२२ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. तेव्हापासून खासगी क्षेत्रात या कामाला वाव मिळाला आहे. चौथी वाट नियोजनाची. भूगोलाच्या एम. ए.ला नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दार काही संस्थांत उघडे असते. याखेरीज पाणलोट विकास, आपत्ती व्यवस्थापन, वनखात्याचे प्रकल्प, पीक विमा, स्वयंसेवी संस्था, अशा ठिकाणी भूगोलाचा विद्यार्थी दिसतो.

बंद दारेही सांगितली पाहिजेत. हवामान खात्यात शास्त्रज्ञ व्हायचे तर पदार्थविज्ञान आणि गणित लागते. नुसत्या कला शाखेच्या भूगोलावर ते जमत नाही. सर्वेक्षणाच्या अनेक पदांना गणिताची अट असते. म्हणून बारावीला गणित असलेल्याने ते सोडून देण्याची घाई करू नये आणि नसलेल्याने संख्याशास्त्र व संगणक मनापासून शिकावे. जाहिरातीत ‘भूगोलाचा पदवीधर पाहिजे’ असे फार क्वचित लिहिलेले असते. तेथे नकाशा येणारा, आकडे हाताळणारा, खेड्यात जाऊन माहिती आणणारा, दोन भाषा लिहिणारा माणूस मागितलेला असतो. तो आपणच आहोत हे ओळखायला आणि सिद्ध करायला शिकावे लागते. माझ्या अनुभवाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे. भूगोलाच्या पदवीला जोड म्हणून हाताचे एक कौशल्य तीन वर्षांतच कमवावे आणि आपल्या भागाची जमीन पायी फिरून ओळखावी. या दोन्हींवाचून नुसती पदवी घेतली, तर घरच्यांची शंका खरी ठरण्याचा संभव आहे.

दादाने बचत करून स्वतःची लेथ टाकायचे ठरवले होते. गावाबाहेर रस्त्याला लागून एक जागा त्याला स्वस्तात मिळत होती. विसारही दिला होता. माझा पुराचा नकाशा तेव्हा नुकताच पुरा झाला होता. ती जागा त्यात चार फूट पाण्याखाली होती. मी त्याला नकाशा दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, ‘यंत्र एकदा भिजलं की संपलंच की.’ विसार बुडवून त्याने ती जागा सोडली. दुसऱ्या कोणी ती घेतली आणि शेड बांधली. २०२१ च्या जुलैमध्ये नदी पुन्हा चढली. पाणी त्या शेडच्या उंबऱ्याशी आले आणि मागे फिरले. दादा अजून दुसऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभा राहतो. कधी चिडवायच्या सुरात म्हणतो, ‘उंबऱ्यापर्यंतच आलं होतं बघ!’ मी त्याला काय सांगणार? २०१९ ची खूण उंबऱ्याच्या चार फूट वर आहे आणि तसा पूर कोणत्या वर्षी येईल हे कोणताही भूगोल सांगू शकत नाही. पण येणारच नाही, असे म्हणायला मी धजत नाही. हिशेब अजून खुला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या विभागाच्या कपाटात या जिल्ह्याचे नकाशे आहेत. सर्वेक्षण विभागाच्या खुल्या मालिकेचे नकाशे तर आता घरबसल्याही मिळतात. विषय कोणताही घ्या, पण एकदा आपले गाव त्यात शोधा. ओढा कुठून येतो, कुठे जातो ते पाहा आणि मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘पाणी कुठपर्यंत आले होते?’ उत्तर ऐकून आणखी दोन प्रश्न सुचले, तर प्रवेशाच्या अर्जावर भूगोल लिहायला हरकत नाही.